चौथं शील

यंदाही आषाढ पौर्णिमेच्या आधी बायकांनी विहारातल्या चटया झटकल्या, पत्र्याची भोकं डांबर लावून बुजवली, आणि पौर्णिमेला संध्याकाळी साडेसहाला धम्माचा ग्रंथ उघडला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज वाचन चालेल. मग खिरीचं पातेलं चढेल आणि वर्षावास संपेल.

चाकणजवळ कुरुळीत भाड्याच्या खोल्यांमधून राहणारी आमची पन्नासेक घरं. कुणी परभणीकडचं, कुणी हिंगोलीकडचं, कुणी लातूरचं. पहिल्या शिफ्टची माणसं आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून येतात. जनरल शिफ्टवाले बसमधून उतरून तसेच युनिफॉर्मवर येतात. ओले सेफ्टी शूज दाराशी काढून ठेवतात. मग अगरबत्तीच्या वासात मशीनच्या तेलाचा आंबूस वास मिसळतो. दुसरीकडे कुठे हा वास आला तर नाक मुरडावंसं वाटतं. विहारात मात्र तो नसला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पावसात भिक्खूंनी गावोगाव फिरू नये, पायाखाली कोवळी पिकं तुडवली जातात, बारीक जीव मरतात, म्हणून एका जागी थांबावं. वर्षावासाची मूळ गोष्ट एवढीच. आम्हाला थांबता येत नाही. पाऊस कितीही असो, बस चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत उभी राहते आणि आम्ही आत घामेजून बसलेले असतो. आमच्या वाट्याचा वर्षावास संध्याकाळच्या दीड तासाचा. त्या दीड तासात माणूस किती थांबतो आणि किती नुसता बसून राहतो, हे ज्याचं त्याला माहीत.

मी या पट्ट्यातल्या एका कंपनीच्या दवाखान्यात बारा वर्षं नर्स होते. दोन खाटा, एक ऑक्सिजनचं सिलिंडर, एक नोंदवही. तिथल्या एका मैत्रिणीनं एकदा डबा खाताना विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्यात उपवास नाही, नवस नाही, सोवळं नाही. मग तुम्ही बौद्ध म्हणून रोज करता तरी काय?"

"पाच शीलं पाळतो," मी म्हटलं. घराचा पत्ता सांगावा तितक्या सहज सांगितलं. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. लहानपणापासून तोंडात बसलेलं. शेचाळीस वर्षांची होईपर्यंत त्यातलं एकही शील माझ्याकडून काही मागायला आलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या वर्षावासात ते आलं.

सुभाष वाव्हळे आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते. चाळिशीतला काटक माणूस, हिंगोलीकडचा. पूर्वी खूप प्यायचे. इतके, की गेटवरचे वॉचमन त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊनच त्यांना आत सोडायचे. मग एका वर्षावासात, कुणी काही न सांगता, ते विहारात येऊन मागच्या रांगेत बसले आणि पाचवं शील सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले. त्याला सात वर्षं झाली होती. तोंडाला चाळा म्हणून खिशात बडीशेप ठेवायचे.

शाळा चौथीपर्यंत. पण विहारात आपणही वाचायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत विहारातला ग्रंथ वर्तमानपत्रात गुंडाळून ते दवाखान्यात यायचे. हात दोनदा धुवायचे, तरी नखांत काळं राहायचंच, म्हणून पानाला बोट न लावता लांबून दाखवायचे.

"सिस्टर, ह्ये कसं म्हणायचं? एकात एक अक्षरं घुसलीत नुसती."

मी पेन्सिलीनं जोडाक्षराच्या मधे बारीक उभी रेघ मारून द्यायचे. ते शब्द तोडून म्हणायचे, मग जोडून म्हणायचे. कधी कधी दोन घास खायलाही वेळ उरायचा नाही. एकदा मी म्हटलं, "भाऊ, एवढं कशाला? कुणीतरी वाचतंच की."

"दुसऱ्यानं वाचलेलं कानातून जातंय," ते म्हणाले. "आपण वाचलेलं तोंडातून निघतंय. मग तोंडाला लाज राहती."

श्रावणातला दिवस होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. साचा उचलताना क्रेनचा पट्टा तुटला आणि साच्याची कडा त्यांच्या छातीवर आली. चौघांनी उचलून त्यांना माझ्याकडे आणलं. ॲम्ब्युलन्स रस्त्यात अडकली होती. मी मास्क लावला, शर्ट कापला, आणि कापल्यावर जे दिसलं त्यावरून मला कळलं की आता माझ्या हातात फारसं काही नाही.

ते शुद्धीवर होते. काहीतरी बोलत होते. मास्क बाजूला करून मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आज वाचन माझंय," ते म्हणाले. "तायडेकाकांला सांगा, उशीर व्हईल."

त्यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता. मी इतक्या जवळ होते की माझ्या गालाला त्यांचा श्वास लागत होता. ॲम्ब्युलन्स आली तोवर तो लागायचा थांबला होता.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शांत, सभ्य माणूस. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी चहा मागवला आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं, की कामगाराला दवाखान्यात आणलं तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

"वास नव्हता सर."

"तो पूर्वी प्यायचा, हे अख्ख्या प्लँटला माहीत आहे."

"पूर्वी. आता नाही."

"सिस्टर, तुम्ही गडबडीत होता. माणूस तुमच्या हातात जात होता. अशा वेळी कसला वास होता, कसला नव्हता, तुम्ही खात्रीनं सांगू शकता?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मुलीचा ट्रेनीसाठीचा अर्ज माझ्याकडेच आहे. हुशार आहे पोरगी."

माझा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात मी आणि प्रज्ञा. तिचं इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं, आणि ती रोज सकाळी मेल उघडून बघायची आणि लॅपटॉप मिटायची. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारणं सगळ्यांकडे असतात. त्या साहेबांकडेही असतील.

तुटलेल्या पट्ट्याबद्दल मला नंतर कळलं, असं म्हणायचीही मला सोय नाही. पट्टा उसवलाय, सुपरवायझरला दोनदा दाखवला, ऐकत नाही, हे सुभाषभाऊंनी आठवड्यापूर्वी दवाखान्यात, ग्रंथ गुंडाळता गुंडाळता, मलाच सांगितलं होतं. मी तेव्हा, "लेखी द्या भाऊ," एवढंच म्हटलं होतं.

मी सही केली. चहा तसाच राहिला.

वस्तीत बातमी यायला दोन दिवस पुरले. सुभाष पिऊन कामावर गेला होता. सात वर्षांचं सोंग होतं. नळावर, टपरीवर, बसमध्ये सगळे हेच बोलत होते. ज्यांनी त्यांना खांदा दिला होता तेही बोलत होते. मला त्यांचा राग आला नाही. कागदावर एका नर्सची सही होती, आणि ती नर्स त्यांच्याच विहारातली होती. त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा?

विहारात सुभाषभाऊंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठरत होता. दोघातिघांनी नको म्हटलं. "पंचशील घेऊन पिणाऱ्याचा फोटो बुद्धापुढं कसा ठेवायचा?" तायडेकाका, आमचे बौद्धाचार्य, रेल्वेतून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ, ऐकून घेत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चटईची सुटलेली काडी आत खोचत बसले.

एका रविवारी सकाळी सुभाषभाऊंची बायको छाया माझ्या खोलीवर आली. बाहेर झोडपत होतं. घरभर दोऱ्या बांधून मी कपडे वाळत घातले होते. तिला त्या ओल्या कपड्यांखालून वाकून यावं लागलं. ती बसली. चहा घेतला. मग म्हणाली, "ताई, शेवटाला तुमीच जवळ होता. खरं सांगा. ते पेले होते का?"

ती भांडायला आलेली नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आपल्या माणसाबद्दलची सात वर्षांची खात्री एका कागदानं हलवली होती, आणि ती खात्री परत मागायला ती माझ्याकडे आली होती.

"गडबड होती छाया," मी म्हटलं. "मला नीट आठवत नाही."

तिनं मान हलवली. उठून कप विसळला, पालथा घातला. "बरं. आठवलं तर सांगा," म्हणाली आणि पुन्हा वाकून कपड्यांखालून निघून गेली.

सही करताना मी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. छायाशी बोलताना मात्र आवाजसुद्धा हलला नाही. दुसऱ्यांदा खोटं बोलणं किती सोपं जातं, ते मला तेव्हा कळलं.

मी विहारात जायची थांबले नाही. थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं. रोज संध्याकाळी हात जोडून बसायचे. तिसऱ्या शीलापर्यंत आवाज निघायचा. चौथ्याला ओठ हलायचे, आवाज नाही. माझं ते न म्हणणं कुणाला कळलं नाही, कारण पत्र्यावर पाऊस वाजत होता.

आमच्यात वर बसून हिशोब ठेवणारं कुणी नाही. ज्याच्यापुढे लोटांगण घालावं, ज्याला नवस बोलावा, ज्याच्याकडून सुटका मागावी, असं कुणी नाही. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातला फोटो, आणि दोघंही मार्ग दाखवून बाजूला झालेले. लहानपणापासून मला या गोष्टीचा अभिमान होता. आपला धम्म माणसाला ताठ उभं करतो, असं मी प्रज्ञाला सांगत आले. ताठ उभं राहणाऱ्याला लपायला आडोसा नसतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मला शिक्षेची भीती नव्हती. मी रोज चाळीस माणसांत बसून, आपल्याच तोंडानं, आवाज न काढता का होईना, मी खोटं बोलणार नाही म्हणत होते, आणि तेच वाक्य खोटं होतं. शील घेता घेताच मोडत होतं.

प्रज्ञा कंपनीत लागली. पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून आरशासमोर उभी राहिली, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

भाद्रपद संपत आला होता. वाचणारे एक गृहस्थ तापानं पडले. काका म्हणाले, "सुनंदाताई, आज तुम्ही वाचा. तुमचं स्पष्ट आहे." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी पुढे जाऊन बसले. ग्रंथ खुणेच्या पानावर उघडला, आणि पहिल्याच ओळीत शब्दाच्या मधे पेन्सिलीची उभी रेघ दिसली. पुढच्या ओळीत दोन. मग आणखी. या पानावरचे शब्द मीच त्यांना तोडून दिले होते. समासात काळ्या बोटाचा एक ठसा होता. एवढं जपूनही कधीतरी लागलेलाच.

मी एक परिच्छेद वाचला. दुसरा अर्धा वाचला. मग अक्षरं दिसेनात.

"सुभाषभाऊ प्यालेले नव्हते," मी म्हटलं.

कुणाला वाटलं, ग्रंथातलंच काही आहे. मी पुन्हा सांगितलं. "ते प्यालेले नव्हते. मी त्यांच्या तोंडाशी कान लावला होता. वास बडीशेपेचा होता. मी खोट्या कागदावर सही केली. छायालाही खोटं सांगितलं."

पाऊस त्या दिवशी नेमका थांबला होता. सगळं सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मागच्या भिंतीशी छाया बसली होती. ती उठली, पदर सावरला आणि चपला न घालता, हातात घेऊन, बाहेर गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. निदान रडू येईल. काहीच आलं नाही. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी काकांकडे पाहिलं. ते काहीतरी समजुतीचं बोलतील, अशी मला आशा होती, हे कबूल करते.

काकांनी चष्मा काढून पुसला. "इथं सांगून काय होणार, ताई?" ते म्हणाले. "इथं कुठं लिहिलं होतं तुम्ही? जिथं लिहिलंय तिथं जा." मग माझ्या हातातून ग्रंथ घेतला आणि मी सोडलेल्या अर्ध्या वाक्यापासून पुढे वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कारखाने निरीक्षकांच्या ऑफिसात गेले. मग पोलीस चौकीत. कंपनीनं तो कागद दोन्हीकडे दिला होता. दोन्हीकडे जबाब लिहून दिला. वासाबद्दल, आणि पट्ट्याबद्दलही. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "मॅडम, आधीचा जबाब खोटा होता म्हणता, म्हणजे तुमच्यावरही येईल. माहीत आहे ना?" मी म्हटलं, "माहीत आहे." खरं तर माहीत नव्हतं.

महिन्याभरात कंपनीनं दवाखाना बाहेरच्या एजन्सीला दिला आणि माझी जागा उरली नाही. प्रज्ञाचं ट्रेनीपण वाढवलं नाही. तिनं माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, मला आधी सांगायचं होतंस. मी त्या जागेवर गेलेच नसते." म्हणजे मी तिच्याकडूनही काहीतरी काढून घेतलं होतं, तिला न विचारता.

आश्विन पौर्णिमेला विहारात सुभाषभाऊंचा फोटो लागला. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांनीच हार आणला. खीर वाटली गेली. छाया आलीच नाही. तिनं खोली रिकामी करायला घेतली होती. मी गेले तेव्हा ती भांडी पोत्यात भरत होती.

"जय भीम, छाया."

"जय भीम," ती म्हणाली आणि भांडी भरतच राहिली. मी माफी मागितली. तिनं एक पातेलं दुसऱ्यात बसवलं. मग ती म्हणाली, "गावाकडं आत्याबाई गेल्या. तुमी विहारात बोलल्या त्याच्या आठ दिवस आधी."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, सुभाषभाऊंची आई. मला हे ठाऊक नव्हतं.

"त्यान्ला कुनीतरी फोनवर सांगितलं होतं, की तुझं पोरगं पिऊन मेलं. म्हातारीनं बोलणंच सोडलं. मी लई सांगितलं, असं नाई म्हून. पन माझ्याकडं काय पुरावा होता? तुमी तर आठवत नाई म्हनला." ती पोत्याचं तोंड दोरीनं आवळायला लागली. "सात वर्सं त्या गावात ज्याला त्याला सांगायच्या, माझ्या पोरानं सोडली. शेवटाला मला म्हनल्या, खोटं बोलला गं तो माझ्याशी. आन गेल्या."

तिनं गाठ मारली. ती पुढे म्हणाली, "माफीचं माझ्याकडं काई नाई ताई. माझ्यापुरतं असतं तर दिलं असतं."

दीड वर्षानं सरकारी प्रयोगशाळेतल्या तपासणीचा अहवाल आला. मृताच्या शरीरात मद्याचा अंश नव्हता. म्हणजे मी गप्प राहिले असते तरी खरं कधीतरी बाहेर आलंच असतं, मला काही गमवावं लागलं नसतं. हा विचार मला आला, हे लपवून काय उपयोग? नोकरी शोधत मोशी, भोसरी, देहूरोडपर्यंत हिंडताना तो अनेकदा आला. आता मी एका लहान हॉस्पिटलात आहे. छायाचा नुकसानभरपाईचा दावा अजून चालू आहे. पट्टा ठेकेदाराचा होता असं कंपनी म्हणते, ठेकेदार म्हणतो कंपनीचा. ते साहेब दुसऱ्या प्लँटला गेले.

वकिलांकडून अहवालाची प्रत मी मागून घेतली, आणि त्यानंतरच्या वर्षावासात, एका शनिवारी, हिंगोलीकडची बस धरली. पोस्टानं पाठवता आली असती. पण जिथं लिहिलंय तिथं जायचं, आणि जिथं ऐकलं गेलंय तिथंही जायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

गाव लहान. छायाचं घर वस्तीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पुढे सोयाबीन गुडघ्याएवढं आलेलं. तिनं मला पाणी दिलं. बसा म्हणाली. भिंतीवर बुद्ध, निळ्या कोटातला फोटो, खाली सुभाषभाऊ, आणि त्यांच्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, आधार कार्डावरून मोठा केलेला पुसट फोटो. मी कागद पुढे केला. छायानं तो घेतला नाही.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "मला काय दाखवता? त्यान्ला वाचून दाखवा."

आम्ही आत्मा मानत नाही. मेलेलं माणूस कुठे बसून ऐकत नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही. भिंतीवर वर लावलेल्या त्या दोघांनी तेच तर शिकवलं होतं. मी छायाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलाही भाबडेपणा नव्हता.

मी म्हातारीच्या फोटोसमोर उभी राहिले. कागद उलगडला आणि मद्याचा अंश नसल्याची ती ओळ वाचली.

"मोठ्यानं वाचा," छाया मागून म्हणाली. "आत्याबाईला कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यानं वाचलं. मृताचं नाव, वय, आणि पुढची ओळ. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. समोरच्या ओट्यावरचे दोघं उठून दाराशी आले.

"आनखी एकदा," छाया म्हणाली.

मी नावापासून पुन्हा सुरुवात केली.